जॉर्ज क्रुकशँक: चित्र आधी की गोष्ट आधी?

चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी ज्यांनी कधी उघडलेली नाही, त्यांनाही तिच्यातला एक प्रसंग बहुधा ठाऊक असतो. सरकारी अनाथगृहातला एक रोडका मुलगा हातात वाडगा आणि चमचा धरून पुढे आला आहे, त्याला आणखी पेज हवी आहे, आणि पेज वाढणारा लठ्ठ माणूस डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहतो आहे. हा प्रसंग शब्दांत डिकन्सने लिहिला. पण त्याला जगभर मिळालेला चेहरा जॉर्ज क्रुकशँक या लंडनच्या चित्रकाराने दिला. १८३७ मध्ये हे चित्र छापले गेले तेव्हा क्रुकशँक ४४ वर्षांचा नावाजलेला व्यंगचित्रकार होता आणि डिकन्स २५ वर्षांचा होतकरू लेखक. पुढे लेखक मोठा होत गेला, चित्रकार मागे पडत गेला, आणि डिकन्सच्या मृत्यूनंतर वृद्ध क्रुकशँकने जाहीर केले की या कादंबरीची मूळ कल्पना आपलीच होती.

बहुतेक अभ्यासकांना हा दावा मान्य नाही. तरीही ‘म्हातारपणीचा अहंकार’ म्हणून तो बाजूला सारला, तर क्रुकशँकचे आयुष्य नीट कळत नाही. ज्या धंद्यात तो वाढला, त्यात चित्र हेच मूळ होते आणि शब्द त्याच्या मागून येत. ज्या धंद्यात तो म्हातारा झाला, त्यात शब्द मालक होता आणि चित्र त्याचा चाकर. हा पालट कसा झाला, हे समजण्यासाठी त्याच्या वडिलांच्या कार्यशाळेपासून सुरुवात करावी लागते.

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १७९२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आयझॅक क्रुकशँक हे स्कॉटलंडहून आलेले व्यंगचित्रकार होते आणि थोरला भाऊ रॉबर्ट हाही पुढे त्याच व्यवसायात शिरला. घर आणि कारखाना एकच असल्यामुळे मुलांचे शिक्षण कामातूनच झाले. वडिलांच्या छपाईच्या तांब्याच्या पत्र्यांवर मथळे लिहिणे, तारखा घालणे, पार्श्वभूमीतले किरकोळ तपशील भरणे अशा कामांतून जॉर्जचा हात तयार झाला. औपचारिक कलाशिक्षण त्याला जवळजवळ मिळालेच नाही, आणि ही उणीव त्याला जन्मभर बोचत राहिली. वयाच्या साठीत, १८५३ मध्ये, त्याने रॉयल अकॅडमीच्या शाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातले, यावरून ती किती खोल होती हे दिसते. १८११ मध्ये वडील वारले. दारू पिण्याच्या पैजेत त्यांचा अंत झाला, असे सांगितले जाते. तेव्हा जॉर्ज १८ वर्षांचा होता आणि घर चालवण्याइतकी कमाई करू लागला होता.

त्याचे मुख्य तंत्र एचिंग हे होते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात आणि तो धुराने काळा करतात. त्यावर चित्रकार सुईने रेघा ओढतो, म्हणजे तेवढ्या जागेवरचे मेण निघून तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेघा आम्ल कुरतडते आणि त्यांचे बारीक खोबण होते. ज्या रेघा फिकट हव्यात त्या लवकर झाकून टाकायच्या, ज्या गडद हव्यात त्या आम्लात जास्त वेळ ठेवायच्या. शेवटी मेण काढून खोबणींत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि जड रुळांखालून तो दाबून काढायचा. चित्र कागदावर उलटे उमटते, म्हणून अक्षरेसुद्धा पत्र्यावर उलटी लिहावी लागतात.

हे तंत्र समजून घेण्याचे कारण असे की त्यात चित्रकाराचा हात थेट छापापर्यंत पोहोचतो. लाकडावर कोरलेल्या चित्रात चित्रकार आरेखन करतो आणि बहुधा दुसराच कारागीर ते कोरतो. एचिंगमध्ये मेणावर सुई जितक्या सहज फिरते तितकीच रेघ जिवंत राहते. क्रुकशँकच्या रेघेतली वळवळ आणि एकाच इंचात चारपाच चेहरे बसवण्याची हातोटी या सुईतून आलेली आहे.

त्या काळातले व्यंगचित्र वर्तमानपत्रात छापून येत नसे. ते सुट्या कागदावर छापले जाई आणि चित्रांच्या दुकानांत विकले जाई: साधे असेल तर साधारण एक शिलिंगला आणि हाताने रंगवलेले असेल तर दोन शिलिंगला. मजुराला ही किंमत परवडण्यासारखी नव्हती, पण दुकानाच्या काचेआड मांडलेली चित्रे फुकट पाहता येत आणि तिथे सतत गर्दी असे. या जगाचा सम्राट होता जेम्स गिलरे. १८१०च्या सुमारास गिलरेचे मन बिघडले आणि त्याचे काम थांबले, तेव्हा त्याची प्रकाशक हॅना हम्फ्री हिने त्याचे अपुरे पत्रे पुरे करण्यासाठी ज्या तरुणाला बोलावले तो जॉर्ज क्रुकशँक होता. विशीही न ओलांडलेल्या मुलाला गादीचा वारस मानले गेले, आणि नेपोलियनच्या पडत्या काळातल्या चित्रांनी त्याने तो मान सार्थ केला.

अशा चित्रात लेखक कोण असतो? कल्पना कधी प्रकाशकाची असे, कधी एखाद्या हौशी गिऱ्हाइकाची, बऱ्याचदा चित्रकाराची स्वतःची. पात्रांच्या तोंडून फुग्यांसारखे निघणारे संवाद चित्रकारच त्या पत्र्यावर लिहीत असे. प्रसंग निवडणे, पात्रे उभी करणे, विनोद कुठे फुटावा हे ठरवणे, हे सारे त्याच्याच हातात असे. गोष्ट सांगणारा तोच होता. क्रुकशँकच्या अंगवळणी हीच पद्धत पडली.

लेखकाबरोबरची त्याची पहिली मोठी भागीदारी विल्यम होन या पुस्तकविक्रेत्या-पत्रकाराशी झाली. होन हा सरकारला डोईजड झालेला माणूस होता. १८१७ च्या डिसेंबरमध्ये धर्मनिंदेच्या आरोपांवरून लागोपाठ तीन दिवसांत तीन खटले त्याच्यावर चालले, त्याने स्वतःच आपली बाजू मांडली आणि तिन्ही वेळा ज्युरीने त्याला सोडून दिले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत या दोघांनी ज्या छोट्या कागदाने लंडनमध्ये खळबळ उडवली, तो कागद म्हणजे एक खोटी नोट होती.

त्याची पार्श्वभूमी थोडी सांगावी लागते. फ्रान्सशी युद्ध चालू असताना १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक व दोन पौंडांच्या नोटा मोठ्या प्रमाणावर काढल्या. या नोटांची छपाई इतकी साधी होती की त्यांची नक्कल करणे सोपे होते, आणि बनावट नोट चालवण्याची शिक्षा मात्र फाशी होती. नोट नीट पाहता न येणारी, अक्षरओळख नसलेली गरीब माणसेही या कायद्यात सापडत, आणि त्या काळात शेकडो लोक असे फासावर गेले. क्रुकशँकने पुढे लिहिले की न्यूगेट तुरुंगाजवळून जाताना त्याने बायकांनाही फासावर लटकलेले पाहिले आणि घरी येऊन त्याच तिरीमिरीत चित्र काढले. जानेवारी १८१९ मध्ये होनने ते छापले. दिसायला ती बँकेची नोट होती. पण तिच्यावर फासावर लोंबणाऱ्या माणसांची ओळ होती, पौंडाचे चिन्ह दोराच्या वेटोळ्याचे होते, ब्रिटनचे प्रतीक असलेल्या ब्रिटानिया देवीच्या जागी पोरे खाणारी बाई बसली होती, आणि अधिकाऱ्याच्या सहीऐवजी ‘जे. केच’ अशी सही होती. जॅक केच हा सतराव्या शतकातला जल्लाद, ज्याचे नाव इंग्रजीत जल्लादासाठी रूढच झाले होते.

होनच्या दुकानासमोर गर्दी लोटली. मागणी पुरवण्यासाठी पुन्हा पत्रा करावा लागला. याच एका चित्रामुळे किरकोळ गुन्ह्यांसाठीची फाशी बंद झाली, असे क्रुकशँक म्हातारपणी सांगत असे. हे खरे नाही: बँकेने १८२१ मध्ये पुन्हा सोने देण्यास सुरुवात केली आणि बनावटगिरीसाठीची फाशी १८३०च्या दशकात टप्प्याटप्प्याने रद्द झाली, त्यामागे अनेकांची अनेक वर्षांची खटपट होती. पण श्रेयाच्या बाबतीत पुढे काय होणार आहे, याची चुणूक इथे मिळते. चित्राने सुरुवात केली म्हणजे पुढचे सारे चित्राचेच, असे तो मनापासून मानत होता.

१८१९ च्याच १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मतदानाच्या हक्कासाठी जमलेल्या सुमारे ६०,००० लोकांवर घोडदळ घातले गेले. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूच्या विजयाची खिल्ली उडवत लोकांनी या प्रकाराला ‘पीटर्लू’ असे नाव दिले. डिसेंबरमध्ये होन आणि क्रुकशँक यांनी ‘द पोलिटिकल हाउस दॅट जॅक बिल्ट’ ही पुस्तिका काढली. इंग्लंडमधल्या प्रत्येक मुलाला पाठ असलेल्या, ओळीला ओळ जोडत वाढणाऱ्या एका बालगीताची चाल घेऊन तिने सरकार, न्यायाधीश, सैन्य आणि राजपुत्र यांची एकेक करून टर उडवली. तिच्यातली तेरा चित्रे मात्र एचिंग नव्हती. ती लाकडी ठशांची होती. त्याचे कारण व्यवहाराचे होते. एचिंगमध्ये शाई खोबणीत असते, तर शिशाच्या अक्षरांवर ती उंचवट्यावर असते, म्हणून दोन्ही एकाच वेळी छापता येत नाहीत. लाकडी ठशात शाई उंचवट्यावरच असते, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच यंत्रात, एकाच दाबात, स्वस्तात निघतात. पुस्तिकेच्या पन्नासेक आवृत्त्या निघाल्या आणि लाखभर प्रती खपल्या, असे म्हणतात. दुकानाच्या काचेतले व्यंगचित्र लोकांच्या खिशात आले ते असे.

क्रुकशँकला यावरून क्रांतिकारक ठरवण्याची घाई करू नये. त्याच महिन्यात त्याने सुधारणावाद्यांना ब्रिटानियावर झडप घालणाऱ्या मृत्यूच्या रूपात दाखवणारे चित्रही काढले होते. त्याच वर्षी ‘द न्यू युनियन क्लब’ नावाच्या चित्रात त्याने गुलामगिरीच्या विरोधकांची आणि कृष्णवर्णीयांची अत्यंत किळसवाणी टवाळी केली. आज ते चित्र पाहताना लाज वाटते. जो प्रकाशक पैसे देईल त्याच्यासाठी चित्र काढायचे, हा त्या धंद्याचा रिवाज होता आणि तो क्रुकशँकने पाळला. १९ जून १८२० रोजी त्याने १०० पौंड घेतल्याची नोंद आहे, आणि ती रक्कम नव्या राजाला, म्हणजे चौथ्या जॉर्जला, कोणत्याही अनैतिक स्थितीत न दाखवण्याच्या वचनाबद्दल होती. पैसे घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच राणी कॅरोलिनच्या घटस्फोटाच्या प्रकरणावर होनबरोबर काढलेल्या पुस्तिकेत याच राजाला त्याने रिकाम्या बाटल्यांच्या गराड्यात, खुर्चीत लोळागोळा होऊन पडलेला दाखवले. दारूत झिंगणे हे अनैतिकतेत मोडत नाही, असा अर्थ त्याने लावला असल्यास त्याच्या कायदेशीर चातुर्याला दाद द्यावी लागेल.

१८२०च्या दशकात सुट्या राजकीय चित्रांचा बाजार ओसरू लागला. वाचणारा मध्यमवर्ग वाढत होता, घरात बायकामुलांसमोर ठेवता येतील अशी चित्रे त्याला हवी होती, आणि गिलरेच्या पिढीची शिवराळ ताकद आता असभ्य वाटू लागली होती. क्रुकशँक बंधूंनी १८२१ मध्ये पिअर्स एगनच्या ‘लाइफ इन लंडन’ या पुस्तकासाठी रंगीत चित्रे काढली. टॉम आणि जेरी या दोन उनाड तरुणांच्या शहरभरच्या भटकंतीचे हे पुस्तक तुफान खपले. तिथून जॉर्जचा रस्ता पुस्तकांकडे वळला, आणि त्याच्या हातून झालेले सर्वांत निर्मळ काम लगेचच, १८२३ मध्ये, बाहेर आले.

ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथांचे हे पहिले इंग्रजी पुस्तक. भाषांतर एडगर टेलर या वकिलाने केले होते. १८१२ मध्ये निघालेली ग्रिम बंधूंची मूळ आवृत्ती अभ्यासकांसाठी होती. तिच्यात टिपा होत्या, पण मुलांना पाहावीत अशी चित्रे नव्हती. क्रुकशँकने त्या कथा पाहताक्षणी हसू येईल अशा केल्या. मोच्याच्या घरी रात्री येऊन जोडे शिवणारे दोन बुटके नवे कपडे मिळाल्यावर उड्या मारत ते चढवताहेत, म्हातारा-म्हातारी पडद्याआडून बघताहेत. रागाने पाय आपटणाऱ्या रम्पलस्टिल्टस्किनचा पाय फळ्यांत रुतला आहे आणि तो दोन्ही हातांनी तो ओढतो आहे. ही चित्रे तळहाताएवढीसुद्धा नाहीत. तरीही त्यांत खोली आहे, उजेड आहे, आणि प्रत्येक माणसाला स्वतःचा स्वभाव आहे. इंग्रजी पुस्तकाचे यश पाहून ग्रिम बंधूंनी १८२५ मध्ये निवडक कथांची लहान आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी त्यांचा चित्रकार भाऊ लुडविग एमिल याने चित्रे केली. जॉन रस्किनसारख्या कठोर समीक्षकाने या एचिंगना थोर डच चित्रकार रेम्ब्रँटच्या खालोखाल स्थान दिले. मला स्वतःला क्रुकशँकच्या साऱ्या कामातून एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सोडून हीच निवडेन.

१८२८ मध्ये त्याने पंच आणि ज्युडी या बाहुल्यांच्या खेळाची चित्रे केली. लंडनमध्ये खेळ करणाऱ्या पिचिनी या वृद्ध इटालियन खेळियाला बसवून, मोक्याच्या क्षणी खेळ थांबवायला लावून त्याने ती काढली. पुढे १८४१ मध्ये याच पंचच्या नावाने जे विनोदी साप्ताहिक सुरू झाले, त्याचे अनुकरण मुंबईच्या ‘पारसी पंच’ आणि ‘हिंदी पंच’ या पत्रांनी केले, म्हणून हे नाक वाकडे बाहुले आपल्याकडच्या व्यंगचित्रांच्या इतिहासातही शिरलेले आहे.

१८२९चे ‘द मार्च ऑफ ब्रिक्स अँड मॉर्टर’ हे चित्र मात्र कोणत्याही लेखकाच्या आधाराशिवाय उभे आहे. लंडनच्या उत्तरेला तो राहत होता त्या भागात शेते जाऊन चाळवजा घरांच्या रांगा येत होत्या. चित्रात फावडी, घमेली आणि धुराडी यांचीच माणसे झाली आहेत आणि ती सैन्यासारखी चालून येताहेत. विटांची भट्टी तोफेसारखी विटांचा मारा करते आहे. गवताच्या गंज्या आणि गुरे जीव घेऊन पळताहेत, झाडे जखमी होऊन कलताहेत. निर्जीव वस्तूत जीव ओतण्याची ही कला डिकन्सच्या गद्यातही ठायी ठायी दिसते. एकाने दुसऱ्याकडून घेतली असे म्हणण्याचे कारण नाही. तरी त्यांची जोडी का जमली हे यातून कळते.

ती जोडी १८३६ मध्ये डिकन्सच्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या पुस्तकापासून जमली. त्या वेळी पुस्तक खपण्याची हमी चित्रकाराच्या नावात होती. त्याच वर्षी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ची सुरुवातही चित्रापासूनच झाली. रॉबर्ट सीमूर या चित्रकाराला शिकारीच्या फजितीची चित्रमालिका काढायची होती आणि तिला जोड म्हणून मजकूर लिहायला प्रकाशकाने डिकन्सला बोलावले. डिकन्सने बोलणी सुरू होताच चक्रे फिरवली: मजकूर आधी, चित्र त्याच्या मागून. दुसऱ्या अंकाच्या कामाच्या वेळीच, एप्रिल १८३६ मध्ये, सीमूरने आत्महत्या केली. तिची कारणे एकच होती असे म्हणता येणार नाही, पण कथनाची मालकी चित्रकाराकडून लेखकाकडे नेमकी कधी गेली असे कोणी विचारले, तर हा महिना सांगता येईल.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ फेब्रुवारी १८३७ पासून एप्रिल १८३९ पर्यंत ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकात हप्त्याहप्त्याने आली आणि प्रत्येक हप्त्याबरोबर क्रुकशँकचे एक, अशी एकूण २४ चित्रे आली. एचिंगला वेळ लागतो, त्यामुळे मजकूर पुरा होण्याआधीच प्रसंग ठरवावा लागे. डिकन्स कल्पना सांगे, क्रुकशँक पेन्सिलने आराखडा दाखवी, मग पत्रा होई. अशा देवाणघेवाणीत कोणती सूचना कोणाची, हे दोन वर्षांनंतरसुद्धा सांगता येणे कठीण, मग पस्तीस वर्षांनंतरचे विचारायलाच नको. त्यातच लंडनच्या चोरवस्त्या, गुत्ते आणि तुरुंगांचे दरवाजे क्रुकशँक डिकन्सपेक्षा वीस वर्षे आधीपासून रेखाटत होता.

फाशीच्या कोठडीतला फेगिन, म्हणजे पोरांना चोरी शिकवणारा ज्यू म्हातारा, हे त्यांतले सर्वांत भेदक चित्र आहे. उंच गजांच्या खिडकीखाली, दगडी भिंतीशी बसलेला एकच माणूस, बोटे तोंडात, डोळे कुठेही न पाहणारे. ही बैठक दिवसेंदिवस जमत नव्हती आणि अखेर आरशात स्वतःलाच नखे कुरतडताना पाहून ती सापडली, अशी आठवण त्याच्या नावावर सांगितली जाते. आज या पात्राकडे पाहताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही: फेगिनचे नाक, दाढी आणि पोक यांत ज्यूंविषयीचा जुना द्वेष जसाच्या तसा उतरला आहे. व्यंगचित्रकाराला एका रेघेत ‘जात’ ओळखू यावी लागते, आणि तीच सवय इथे त्याच्या कलेचा घात करते. त्याने १८४५ मध्ये आयर्लंडच्या १७९८ च्या बंडावरील पुस्तकासाठी काढलेले आयरिश शेतकरीही माणसांपेक्षा जनावरांच्या जवळचे आहेत.

शेवटच्या चित्रावरून ठिणगी पडली. नोव्हेंबर १८३८ मध्ये कादंबरी पुस्तकरूपाने निघाली तेव्हा डिकन्सने शेवटची चित्रे प्रथमच पाहिली. ऑलिव्हर आणि कादंबरीतली ‘रोझ मेली’ ही तरुणी शेकोटीपाशी बसलेली, असे सुखान्त दृश्य क्रुकशँकने काढले होते. डिकन्सला ते आवडले नाही आणि चित्र पुन्हा करावे असे त्याने सभ्य पण ठाम पत्र लिहिले. क्रुकशँकने चर्चमधील स्मृतिफलकासमोर उभे असलेले दोघे असे दुसरे चित्र दिले. चित्र बदला असे सांगण्याचा अधिकार आता पंचवीस-सव्वीस वर्षांच्या लेखकाला होता. पुढच्या कादंबऱ्यांसाठी डिकन्सने ‘फिझ’ या टोपणनावाचा अधिक मवाळ चित्रकार वापरला. क्रुकशँकबरोबर मोठे काम पुन्हा झाले नाही. मैत्री मात्र टिकली, आणि १८४८ मध्ये डिकन्सच्या हौशी नाटकमंडळीत क्रुकशँकने कामही केले.

हॅरिसन एन्सवर्थ या कादंबरीकाराबरोबर त्याला बरोबरीचे स्थान मिळाले. १८३९ च्या ‘जॅक शेपर्ड’विषयी थॅकरे या लेखकाने लिहिले की ही कथा खरे तर क्रुकशँकनेच निर्माण केली आणि एन्सवर्थने तिला शब्द घातले. थॅकरेच्या या वाक्यात कौतुक होते आणि एन्सवर्थला टोमणाही होता; क्रुकशँकने त्यातले कौतुक तेवढे पदरात घेतले. १८४० च्या ‘द टॉवर ऑफ लंडन’मध्ये तर लेखक आणि चित्रकार नफ्यात भागीदार होते.

मग दारू आली, म्हणजे सुटली. वडिलांप्रमाणेच क्रुकशँकही जबरदस्त पिणारा होता. १८४७ मध्ये त्याने ‘द बॉटल’ ही आठ चित्रांची मालिका काढली. पहिल्या चित्रात सुखवस्तू कामगाराच्या घरी जेवणानंतर बाटली येते आणि नवरा बायकोला ‘एक घोट तर घे’ म्हणतो. नंतर नोकरी जाते, जप्तीची माणसे सामान उचलतात, कुटुंब रस्त्यावर भीक मागते, धाकटे मूल मरते, नवरा त्याच बाटलीने बायकोचा जीव घेतो, आणि आठव्या चित्रात तो वेड्यांच्या इस्पितळात बसलेला आहे. चित्रे स्वस्त छपाईच्या नव्या पद्धतीने काढली होती, सबंध मालिका एका शिलिंगला मिळे, आणि अल्पावधीत तिच्या लाखाच्या घरात प्रती गेल्या, असे सांगतात. नाटकवाल्यांनी ती रंगमंचावर आणली. या मालिकेत लेखक नाही. चित्राखालच्या एकेका ओळीपलीकडे शब्दांची गरजच नाही. जुन्या धंद्यातला गोष्ट सांगणारा चित्रकार त्याने इथे परत मिळवला. डिकन्सने कलेची स्तुती केली, पण आक्षेप नेमका घेतला: दारूची सुरुवात दुःखात, दारिद्र्यात किंवा अज्ञानात व्हायला हवी होती, सुखी घरात ती अशीच अवतरली हे पटत नाही.

मालिका पुरी करता करता क्रुकशँकने स्वतः दारू कायमची सोडली, आणि नंतरची तीस वर्षे हा विषयही त्याला सुटला नाही. १८५३ पासून त्याने स्वतःच्या शब्दांत परीकथा लिहायला घेतल्या. त्याच्या सिंड्रेलाच्या लग्नात कारंज्यांतून वाइन वाहायची असते. पण परी-आजी राजाला दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देते आणि राजा राज्यातली सगळी दारू जाळून टाकतो. चित्रे सुरेख होती, मजकूर असह्य होता. डिकन्सने १ ऑक्टोबर १८५३ च्या आपल्या साप्ताहिकात ‘फ्रॉड्स ऑन द फेअरीज’ हा लेख लिहून, मित्राच्या प्रतिभेला मान देत, परीकथा प्रचारासाठी वापरू नका असे बजावले. क्रुकशँकने अंगठ्याएवढ्या बालनायकाच्या नावाने उत्तर छापले. या वादात डिकन्सचे बरोबर होते, असे मला वाटते, पण एक प्रश्न राहतो. लेखकाने जुन्या कथेला हवे तसे वळण दिले तर ती निर्मिती, आणि चित्रकाराने दिले तर फसवणूक, हा नियम कोणी केला?

‘द वर्शिप ऑफ बॅकस’ (बॅकस म्हणजे रोमनांचा मद्यदेव) या तैलचित्रावर त्याने १८६० ते १८६२ अशी वर्षे घालवली. चार मीटर रुंदीच्या या चित्रात बारशापासून फाशीपर्यंत समाजाच्या प्रत्येक थरात दारू पिणारी शेकडो माणसे आहेत. १८६३ मध्ये ते राणी व्हिक्टोरियाला दाखवण्यात आले, पण पैसे देऊन ते पाहायला लोक फारसे आले नाहीत. आज ते टेट संग्रहालयाकडे आहे. तळहाताएवढ्या जागेत जगणारा त्याचा हात भिंतीएवढ्या कापडावर मोकळा होत नाही. चित्र एकसंध न वाटता हजार एचिंग शेजारी शेजारी डकवल्यासारखे दिसते. फ्रेंच कवी बोदलेरने १८५७ मध्येच त्याच्या अफाट कल्पकतेला दाद देऊन आरेखनातल्या घाईवर बोट ठेवले होते. याच काळात तो दारूबंदीवाल्यांच्या स्वयंसेवक पलटणीचा लेफ्टनंट कर्नलही झाला; १८५७ च्या उठावात लखनौला मेलेल्या, दारूला न शिवणाऱ्या जनरल हॅवलॉकचे नाव त्या पलटणीला दिलेले होते.

डिकन्स १८७० मध्ये वारला. त्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची कल्पना क्रुकशँकची असल्याची अमेरिकेतून आलेली वार्ता खोटी ठरवण्यासाठी डिकन्सचे ते चित्र बदलण्याविषयीचे पत्र हुबेहूब छापले गेले. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या क्रुकशँकने ‘टाइम्स’ला पत्र लिहिले आणि १८७२ मध्ये ‘द आर्टिस्ट अँड द ऑथर’ ही पुस्तिका काढली. लंडनच्या एका गरीब मुलाची कथा आपण सुचवली, चोरांची पात्रे आपण दाखवली, एन्सवर्थच्या कादंबऱ्याही आपल्याच कल्पनांतून निघाल्या, असे तो म्हणाला. एन्सवर्थने साफ नाकारले. डिकन्सने १८३७ च्या आरंभी प्रकाशकाला लिहिले होते की आपल्याला एक उत्तम कल्पना सापडली आहे आणि तिच्यामुळे क्रुकशँकचीही कला खुलेल. या पत्राने दाव्याचा मोठा भाग कोसळतो. तरी चित्रकाराला डोळ्यांपुढे ठेवून कल्पना निवडली गेली, हे त्याच पत्रातून सिद्ध होते. क्रुकशँकने ‘मूळ कल्पना माझी’ ऐवजी ‘हे दोघांचे काम आहे’ एवढेच म्हटले असते, तर त्याचे म्हणणे खोडणे कोणालाही अवघड गेले असते.

१ फेब्रुवारी १८७८ रोजी हॅम्पस्टेड रोडवरच्या घरी तो वारला. आधी केन्सल ग्रीन या दफनभूमीत पुरलेला त्याचा देह त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात हलवण्यात आला. मृत्यूनंतर उघड झाले की नीतीचे धडे देणाऱ्या या गृहस्थाचा जवळच्याच रस्त्यावर दुसरा संसार होता: घरी पूर्वी कामाला असलेल्या स्त्रीपासून त्याला अकरा मुले झाली होती, आणि मृत्युपत्रात त्याने त्या कुटुंबाची सोय केली होती. त्याच्या नावावर लहानमोठी मिळून दहा हजारांच्या आसपास चित्रे मोजली जातात. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर त्यांतली पुष्कळ मोठी करून पाहता येतात. नव्या वाचकाने ग्रिमच्या कथांपासून सुरुवात करावी, नंतर १८१९ ची नोट पाहावी, आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची चित्रे शक्यतो जुन्या छापांतून पाहावीत, कारण हजारो छाप काढल्यावर पत्रा झिजतो, फेगिनच्या कोठडीतल्या बारीक रेघा पुसट होतात, आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत जे दिसते ते क्रुकशँकच्या सुईचे काम राहत नाही.